काठी कुणाच्या मापाची?

सोलापूर आणि बर्फ यांचा संबंध विचाराल तर तो उसाच्या रसाच्या गाड्यापुरता! आमच्या गावात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि थंडीत घोंगडी नाही तरी चादर पुरते. अशा गावात राहून बर्फावरच्या काठ्यांबद्दल लिहिणे म्हणजे वाळवंटात होडी बांधण्यासारखे आहे, असे तुम्ही म्हणाल. पण ही काठी शेवटी आपल्याच अंगणात येणार आहे, म्हणून थोडा धीर धरा.

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी हिवाळ्यात काश्मीरमधील गुलमर्ग येथे बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, शिकायला गेला होता. परत आल्यावर त्याने पायांना बांधायच्या लांब पट्ट्यांचे, जड बुटांचे आणि पडझडीचे वर्णन केले. मग म्हणाला, "सर, पहिल्या दिवशी शिक्षकांनी आम्हांला हातातली काठी उलटी धरायला लावली. मूठ जमिनीवर आणि टोक वर! असे का?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याच्या उत्तराचा शोध घेताना मला माझ्या घरातली एक चूक सापडली. ती पुढे सांगतो.

उलटी काठी

स्कीच्या काठीला खाली अणकुचीदार टोक असते आणि टोकाच्या थोडे वर एक गोल चकती असते. टोक बर्फात रुतते, पण चकतीमुळे काठी त्याहून खोल जात नाही. म्हणजे काठीचा जेवढा भाग चकतीच्या खाली, तेवढा बर्फात बुडणार. तो लांबीत धरून उपयोग नाही. म्हणून दुकानात किंवा शिबिरात काठी उलटी करायची, मूठ जमिनीवर टेकवायची आणि चकतीच्या लगत खालचा, एरवी बर्फात जाणारा भाग मुठीत धरायचा. या वेळी दंड अंगालगत ठेवून कोपर काटकोनात आले, तर उतारावरून घसरण्यासाठी ती काठी योग्य. हात वर उचलला जात असेल तर काठी लांब, खाली जात असेल तर आखूड.

पाहा, किती छान युक्ती आहे! फूटपट्टी नाही, गुणाकार नाही. शरीर हेच मोजमापाचे साधन. पुस्तकांत यासाठी एक सूत्रही देतात. उंचीला ०.७ ने गुणा. १६० सें.मी. उंचीच्या मुलाला ११२ सें.मी. आले. बाजारात काठ्या साधारणपणे ५ सें.मी.च्या फरकाने मिळतात, तेव्हा ११० किंवा ११५ ची घ्यावी लागेल. नेमकी कोणती, हे कोपर सांगेल.

एक माणूस, तीन काठ्या

परंतु गंमत पुढेच आहे. हाच १६० सें.मी. उंचीचा मुलगा उतारावरून घसरण्याऐवजी सपाट बर्फाळ मैदानातून लांबचा पल्ला कापणार असेल, तर त्याला ही काठी चालणार नाही. या प्रकाराच्या दोन शैली आहेत. पारंपरिक शैलीत दोन्ही पट्ट्या बर्फात आखलेल्या समांतर चाकोऱ्यांतून जातात आणि चालताना जसा उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे येतो, तसाच येथेही येतो. या शैलीत काठी काखेच्या वर, खांद्याच्या आसपास पोचते. उंचीच्या सुमारे ८३ टक्के धरले तर १३३ सें.मी. दुसरी मुक्त शैली. तिच्यात चाकांच्या बुटांवरून घसरणाऱ्या मुलाप्रमाणे पाय तिरके बाहेर रेटतात आणि दोन्ही काठ्यांनी एकदम जोर लावतात. ही शैली १९८० च्या दशकात स्पर्धांमध्ये रुळली. हिची काठी हनुवटी-ओठांपर्यंत येते. उंचीच्या ९० टक्के धरले तर १४४ सें.मी.

म्हणजे माणूस एक, उंची एक, बर्फही तोच. पण काठ्या ११२, १३३ आणि १४४ सें.मी.च्या. पहिल्या व तिसऱ्या काठीत फूटभराहून अधिक अंतर! त्यावरून हे उघड होते, की 'या माणसाला किती लांब काठी लागेल?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'या माणसाला कोणत्या कामासाठी?' असे विचारले पाहिजे.

पायथागोरस बर्फावर

हा फरक का पडतो? उतारावर पुढे ओढण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. तेथे काठी वळण घेण्याची वेळ साधण्यापुरती आणि तोल सावरण्यापुरती टेकायची असते. लांब काठी टेकताच हात वर फेकला जातो आणि शरीर मागे ढकलले जाते. उंचवट्यांच्या उतारावर कसरती करणारे खेळाडू तर आणखी आखूड काठी घेतात, कारण तेथे उंचवट्यांमुळे जमीनच वर येऊन काठीला भेटते.

सपाटीवर मात्र पुढे ढकलणारे कोणी नाही. तेथे काठी हेच वल्हे. आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, काठी रेटताना खेळाडूचा हात बर्फापासून १०० सें.मी. उंचीवर आहे. काठी हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण, हाताची उंची ही एक बाजू. मग काठीचे टोक हाताच्या किती मागे असेल? पायथागोरसच्या सिद्धांतानुसार ११२ सें.मी.च्या काठीचे टोक सुमारे ५० सें.मी. मागे राहील, १३३ च्या काठीचे ८८ सें.मी. आणि १४४ च्या काठीचे १०४ सें.मी.

काठीतून लावलेला जोर काठीच्या दिशेने जातो. त्याचे दोन घटक होतात. उभा घटक शरीराला वर उचलतो, आडवा घटक पुढे ढकलतो. खेळाडूला हवा आहे तो आडवा. १० किलोग्रॅम भाराइतका जोर लावला, तर ११२ च्या काठीतून सुमारे ४.५, १३३ च्या काठीतून ६.६ आणि १४४ च्या काठीतून ७.२ किलोग्रॅम भाराइतकाच पुढे ढकलण्याच्या कामी येतो. उरलेल्या गणिताचा ताळा तुम्ही स्वतः करून पाहा.

या फायद्याचा मोह इतका मोठा होता, की पारंपरिक शैलीच्या शर्यतींतही बळकट दंडांचे खेळाडू लांब काठ्या घेऊन केवळ हातांच्या जोरावर सबंध शर्यत पार करू लागले. पायांची ती जुनी डौलदार चाल नाहीशी होते की काय, अशी भीती निर्माण झाली. अखेर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१६-१७ च्या हंगामापासून नियम केला, की पारंपरिक शैलीत काठी खेळाडूच्या बुटांसह उंचीच्या ८३ टक्क्यांहून लांब असू नये. एका खेळाची शैली वाचवण्यासाठी काठीच्या लांबीवर कायदा करावा लागला!

मग आणखी लांब का नको?

तुमच्यापैकी चौकस वाचक लगेच विचारील, "मग दोन मीटरची काठी घेतली तर?" प्रश्न रास्त आहे. दोन अडचणी येतात. पहिली अशी, की काठी रोवताना हात डोक्याच्या वर न्यावा लागेल आणि तेथून दंडाला खाली जोर लावता येत नाही. दुसरी अडचण काठी पुढे-मागे झुलवण्याची. एकाच जाडीची काठी एका टोकाभोवती फिरवायची असेल, तर तिचा फिरण्यास होणारा विरोध लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ११२ च्या जागी १४४ ची काठी घेतली म्हणजे लांबी सव्वापटीहून थोडी अधिक झाली, पण हा विरोध दुपटीहून अधिक झाला. शर्यतीत काठी हजारो वेळा झुलवायची असते. फायदा आणि तोटा यांची जेथे तडजोड होते, ती लांबी योग्य.

लांबी हा नेहमीच भार असतो असे मात्र समजू नका. आमच्या सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते. पांढरी बाराबंदी घातलेले भाविक मानाचे सात उंच नंदीध्वज पेलत मिरवणुकीने जातात. लहानपणी मला वाटे, एवढी उंच काठी सावरतात तरी कशी? वजन पेलायला ताकद आणि सराव हवा, हे खरेच. परंतु तोलाच्या बाबतीत उंची त्यांच्या मदतीला येते. एक प्रयोग करा. तळहातावर पेन्सिल उभी करून तोलण्याचा प्रयत्न करा. जमणार नाही. मग लांब दांड्याचा झाडू उलटा धरून तोला. जमेल! उभी काठी कलंडायला लागणारा वेळ तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. नऊपट लांब काठी तिप्पट सावकाश कलंडते. पेन्सिल कलंडू लागली हे डोळ्यांना कळून हात हलेपर्यंत तिचा निकाल लागलेला असतो. उंच काठी मात्र आपल्याला सावरायला सवड देते.

म्हणजे एकाला लांबी वल्हे म्हणून हवी, दुसऱ्याला तोलासाठी हवी, तिसऱ्याला ती नकोच. काम बदलले की माप बदलले.

शहाबादी फरशीवरची काठी

आता घरातली गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आयुष्यभर गिरणीत उभे राहून काम केलेले. सत्तरी ओलांडल्यावर उजव्या खुब्याचे दुखणे सुरू झाले. एका स्नेह्यांनी यात्रेहून त्यांच्यासाठी पितळी मुठीची, रंगीत वेल काढलेली देखणी काठी आणली. अण्णा ती उजव्या हातात धरून चालू लागले. मूठ त्यांच्या मनगटाच्या बरीच वर येई, उजवा खांदा सतत उचललेला दिसे. संध्याकाळी खांदा दुखतो म्हणत. आम्ही तेल चोळत असू. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. रोज वर्गात बलाचे घटक पाडतो. पण घरातल्या काठीकडे माझे लक्ष गेले नाही.

एका पावसाळी सकाळी अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवर काठी सटकली आणि अण्णा पडले. हाड मोडले नाही, मनगट मुरगळण्यावर निभावले. पण त्यानंतर महिनाभर ते अंगणात उतरायला धजत नव्हते. पडण्यापेक्षा ही धास्ती वाईट. म्हातारा माणूस चालणे सोडतो, मग पाय आणखी दुबळे होतात, मग पडण्याचा धोका आणखी वाढतो.

काठी का सटकली? फरशी ओली होती आणि काठीचे रबरी बूच झिजले होते, हे आहेच. परंतु काठी लांब असल्यामुळे अण्णांना ती सरळ टेकता येत नसे. ती तिरकी टेकावी लागे. तिरक्या काठीचा जोर आपण वर पाहिल्याप्रमाणे दोन घटकांत वाटला जातो आणि त्यातला आडवा घटक टोकाला जमिनीवरून सरकवू पाहतो. त्याला अडवणारे असते फक्त घर्षण. ओल्या फरशीवर झिजलेल्या बुचाचा घर्षणांक ०.३ धरला, तर उभ्या रेषेपासून सुमारे १७ अंशांहून अधिक तिरकी टेकलेली काठी सटकणारच. मग वर कितीही जोर लावा. जितका जोर अधिक, तितके सरकवणारे बलही अधिक!

मित्रांनो, जो आडवा घटक बर्फावरच्या खेळाडूला विजयी करतो, तोच अंगणातल्या म्हाताऱ्याला पाडतो. खेळाडूच्या काठीचे टोक बर्फात रुतलेले असते, म्हणून तो जितकी तिरकी तितकी बरी म्हणतो. अण्णांच्या काठीचे टोक रुतत नाही. त्यांची काठी उभीच टेकली गेली पाहिजे. हे मला त्या विद्यार्थ्याच्या उलट्या काठीने शिकवले.

माप कसे घ्यावे? काठी कोणत्या हातात?

चालण्याच्या काठीचे माप असे. नेहमीची पादत्राणे घालून माणसाने ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. अशी काठी हातात धरली म्हणजे कोपर किंचित, पंधरा-वीस अंश, वाकते आणि तिच्यावर भार देता येतो. काठी लांब असेल तर कोपर जास्त वाकते, खांदा वर जातो, जोर लागत नाही. आखूड असेल तर माणूस कमरेत वाकतो.

मी टेप घेऊन आलो तेव्हा अण्णा हसून म्हणाले, "आता ह्या वयात माप घ्यायला मी काय नवरदेव आहे?" काठी सात सें.मी. लांब निघाली. सुताराकडून खालून कापून घेतली आणि नवे रबरी बूच बसवले.

दुसरी चूक हाताची होती. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते, म्हणून गोल आकडे घेऊन हिशेब करू. उजव्या पायावर उभे असताना खुब्याच्या सांध्यावर शरीराचे ५० कि.ग्रॅ. वजन पेलायचे आहे आणि ते सांध्यापासून १० सें.मी. आत, डावीकडे आहे असे समजा. सांधा हा टेकू. तोल राखायला सांध्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढ लावतात, पण ते सांध्यापासून ५ सें.मी.वरच असतात. तरफेच्या नियमाने त्यांना १०० कि.ग्रॅ. भाराइतकी ओढ लावावी लागते. सांध्यावर एकूण दाब १५०!

आता डाव्या हातातल्या काठीवर फक्त ५ कि.ग्रॅ. भार द्या. तो हात त्या सांध्यापासून सुमारे ५० सें.मी. दूर आहे. ५ गुणिले ५० म्हणजे २५०. मूळच्या ५०० पैकी अर्धे काम काठीने केले. स्नायूंची ओढ ५० वर आली आणि सांध्यावरचा दाब ९५ वर. पाच किलोग्रॅम भाराने पंचावन्न वाचले! हीच काठी उजव्या हातात धरली तर हा लाभ मिळत नाही, उलट माणूस त्या अंगाला झुकून चालू लागतो.

सवय होते, पण

माझे काही सहकारी म्हणतात, "आपल्या आजोबा-पणजोबांनी कुठे मापे घेतली? मेंढपाळाची काठी, वाटसरूची काठी, सगळे हाताला येईल ती घेत. सवय झाली की चालते." या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. शरीर पुष्कळ सांभाळून घेते. परंतु मेंढपाळाची काठी भार देण्यासाठी नसते. ती हाकण्यासाठी, फांदी वाकवण्यासाठी, उभ्या उभ्या टेकून विसावण्यासाठी असते, म्हणून ती लांब असते. त्याने आपल्या कामाचे माप अनुभवाने घेतलेलेच होते. चूक होते ती एका कामाची काठी दुसऱ्या कामाला लावताना. आणि सवय होते तेव्हा कोणी तरी तिची किंमत देत असते. अण्णांच्या बाबतीत ती त्यांच्या खांद्याने दिली.

सूत्रांवरही आंधळा भरवसा नको. ०.७ हा आकडा सरासरी माणसाचा आहे. तुमच्या वर्गात एकाच उंचीची दोन मुले शेजारी उभी करा. एकाचे पाय लांब असतील, दुसऱ्याचे धड. दोघांची कोपरे एकाच उंचीवर येतीलच असे नाही. म्हणून माझे मत असे आहे, की सूत्राने सुरुवात करावी आणि शेवटचा शब्द शरीराचा मानावा. कळसूबाई चढताना हाच नियम. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी काठी घ्या; चढावर ती पाच-दहा सें.मी. कमी करा, उतरताना तितकीच वाढवा. १५ अंशांच्या चढावर ४० सें.मी. पुढची जमीन सुमारे ११ सें.मी. उंच असते. काठी आखूड करण्याचे कारण एवढेच.

तुम्ही काय कराल?

विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी धूर सोडणारा ज्वालामुखी पाहून मी कंटाळलो आहे. त्यापेक्षा एक टेप, एक वही आणि कोनमापक घ्या. आपल्या गल्लीतल्या, वाड्यातल्या आजी-आजोबांच्या काठ्यांची मापे घ्या. मूठ मनगटाच्या घडीशी येते का? काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात आहे का? रबरी बूच झिजले आहे का? तीन रकाने पाडा आणि लिहून काढा. मोठ्यांशी नम्रपणे बोला. आपण होऊन काठी कापायला जाऊ नका. दुखणे असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच बदल करायला सांगा. आणि कोणाला काठी भेट द्यायची असेल, तर आधी त्यांचे माप घ्या. चपलेचे माप न घेता आपण चपला आणतो का?

२०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता तो काश्मीरचा आरिफ खान, आणि तो उतारावरच्या शर्यतींत उतरला होता. उद्या तुमच्यातलाही कोणी गुलमर्गच्या किंवा उत्तराखंडातील औलीच्या उतारावर जाईल. तेथे त्याने काठी उलटी धरून कोपर पाहावे. पण त्याआधी त्याने घरातली काठी सरळ धरून मनगट पाहिलेले असावे, अशी माझी इच्छा आहे.

अण्णा आता रोज सकाळी अंगणात उतरतात. पितळी मूठ त्यांनी घासून लखलखीत ठेवली आहे. कापलेला सात सें.मी.चा तुकडा मात्र मी माझ्या टेबलावर ठेवला आहे. बलाचे घटक शिकवण्याची वेळ आली, की तो खिशात घालून वर्गात नेतो.